आणखी दोन वाघिणी

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम यंदा प्राजक्ताकडे आहे. वयानं माझ्या मुलीएवढी, पण फोनवर बोलते ती मुख्याध्यापिकेच्या थाटात. "काका, तुम्ही कितीतरी वर्षं रेल्वेच्या इंजिनांत काढलीत. काहीतरी इन्स्पायरिंग लिहा ना!" मी म्हटलं, बाई गं, माझ्या नोकरीत इतिहास घडायची वेळ एकदाच आली होती, आणि तो मीच घडू दिला नाही. तर म्हणाली, "मग तेच लिहा, फनी करा."

तर मंडळी, इथं अमेरिकेत, मॉरिसव्हिलच्या गणपतीत जुनी माणसं मला 'वाघीणवाले काका' का म्हणतात, ते आज सांगून टाकतो. नव्या पोरांना वाटतं, काकांनी कुठंतरी जंगलात पराक्रम गाजवलाय. कसला पराक्रम! मालगाडीच्या उघड्या डब्याला आपल्याकडे रेल्वेत वाघीण म्हणतात. अशा दोन वाघिणींनी माझी जी शोभा केली, ती आजतागायत पुरून उरली आहे.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. स्टेट कॉलेज नावाच्या शहरापासून तासाभराच्या अंतरावर, डोंगरांच्या मधल्या एका लहान गावात आमचं वर्कशॉप होतं. जुने डिझेल लोको दुरुस्त करायचे, रंगवायचे आणि छोट्या रेल्वेवाल्यांना परत द्यायचे, हा धंदा. तिथं मी इंजिनिअर म्हणून लागलो तो अर्जातल्या एका ओळीच्या जोरावर. मी लिहिलं होतं, 'हायड्रॉलिक लोकोचा अनुभव'. अनुभव होता, खोटं नाही. भारतात ज्या डिझेल शेडमध्ये मी नोकरीला होतो, तिथं एक हायड्रॉलिक लोको होता. तो कायम बंद असायचा आणि कडुनिंबाखाली उभा असायचा. त्याच्या सावलीत बसून मी तीन उन्हाळे डबा खाल्ला. एवढा अनुभव अमेरिकेत पुरेसा होता, कारण तिथं त्या जातीचा लोको कुणी बघितलेलाच नव्हता.

जरा धंद्याचं सांगतो, कंटाळू नका. अख्खं धूड म्हणजे लोको, आणि त्याच्या पोटात धडधडतं ते इंजिन. अमेरिकन लोकोच्या पोटात एकच अगडबंब इंजिन असतं. ते वीज तयार करतं आणि त्या विजेवर चाकांजवळच्या मोटारी फिरतात. जपान्यांची मालगाडीची तऱ्हा वेगळी. तिथले रूळ हलके, अरुंद, त्यावर जड धूड चालत नाही. म्हणून त्यांनी मध्ये ड्रायव्हरची खोली ठेवली आणि पुढे एक, मागे एक अशी दोन मध्यम इंजिनं बसवली. आणि ताकद चाकांपर्यंत न्यायची ती तेलातून. समोरासमोर दोन टेबलफॅन ठेवा, एक चालू करा, म्हणजे त्याच्या वाऱ्यानं दुसरा आपोआप फिरायला लागतो. वाऱ्याच्या जागी तेल घाला, झाला हायड्रॉलिक लोको.

याचे फायदे असे, की वजन कमी, चाकं एकमेकांना दांड्यांनी जोडलेली म्हणून एकटं चाक घसरत नाही, आणि एक इंजिन रुसलं तरी दुसरं घरी आणतं. तोटा एकच. भार जास्त झाला आणि वेग पडला की ताकद चाकाऐवजी तेलात जाते. तेल तापतं, आणि फार तापलं की इंजिन आपणहून ताकद सोडून देतं. म्हणजे या लोकोला पोटभर वाढावं, पण मनगट धरून वाढू नये. हे वाक्य मला आज सुचतंय, तेव्हा सुचलं असतं तर!

आमच्या वर्कशॉपची अवस्था वाईट होती. कामं आटली होती. आमचा साहेब हॅरल्ड, याच वर्कशॉपमध्ये त्याच्या बापानंही आयुष्य घालवलेलं, रोज सकाळी रिकाम्या रुळांकडे बघत कॉफी प्यायचा. आणि अशात त्याला समजलं, की जपानमध्ये मालगाड्या कमी झाल्यात आणि चांगले चालते डिझेल लोको भंगारात चाललेत. जवळच्या चुनखडीच्या खाणीला नवे लोको हवे होते. हॅरल्डनं एक लोको जहाजानं मागवला. आम्ही त्याच्या धुरा बदलून तो आमच्या रुंद रुळांवर बसवला. सौदा सरळ होता. हा लोको खाणीच्या चढावर पास झाला, तर खाण आणखी चार घेणार, ते रुंद करायचं काम आम्हाला मिळणार, आणि वर्कशॉप जगणार. नाही झाला, तर दाराला कुलूप.

लोकोबरोबर जपानहून एक माणूस आला, निशिमुरा-सान. सान म्हणजे आपलं 'राव'. पन्नाशीचा, किरकोळ अंगाचा, पांढरे हातमोजे घालणारा. त्यानं उमेदीची सगळी वर्षं याच जातीच्या लोकोंवर काढली होती. ते चार तिकडच्या यार्डात उभे होते, आणि इथं ऑर्डर मिळाली नाही तर ते कापले जाणार होते. हे त्यानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं, आजारी नातेवाइकाबद्दल सांगावं तसं, हळू आवाजात.

त्याची सरबराई माझ्याकडे आली. हॅरल्ड म्हणाला, "डेव्ह, तू बघ त्याच्याकडे. तुम्ही दोघं एकाच बाजूचे ना?" देवधरचा डेव्ह त्यानं पहिल्याच आठवड्यात करून टाकला होता. मिरज आणि जपान यांच्यात किती समुद्र आहे हे मी त्याला नकाशावर दाखवलं. तो म्हणाला, "हो हो, तेच म्हणतोय मी."

निशिमुरांची एक पद्धत होती. लोकोत चढले की प्रत्येक काट्याकडे बोट दाखवायचे आणि मोठ्यानं पुकारायचे. तेलाचा दाब, योशी! पाण्याचं तापमान, योशी! योशी म्हणजे ठीक. डोळ्यांनी बघितलेलं बोटानं आणि तोंडानं पक्कं करायचं, म्हणजे नजरचूक होत नाही. वर्कशॉपमधली पोरं पहिल्यांदा हसली. मग आठवड्याभरात जेवणाच्या सुट्टीत सँडविचकडे बोट दाखवून 'योशी!' ओरडायला लागली. निशिमुरा त्यांनाही वाकून नमस्कार करायचे.

आता मूळ मुद्दा. रविवारी मी त्यांना घरी जेवायला बोलावलं. बायकोनं, आमच्या विजयानं, पुरणपोळ्या केल्या. हरभऱ्याची डाळ जर्सी सिटीहून आणलेली, जपून ठेवलेली, ती पाहुण्यासाठी निघाली. निशिमुरांनी पहिली पोळी संपवली. विजयानं दुसरी वाढली. ते म्हणाले, "थँक यू, पुरे." विजया म्हणाली, "अहो, पुरे काय! अजून सुरुवात आहे." दुसरी संपली, तिसरी आली.

त्यांच्याकडे ताटात टाकणं म्हणजे यजमानाचा अपमान. आमच्याकडे पाहुण्याचं ताट रिकामं दिसणं म्हणजे यजमानीणबाईंचा अपमान. ते आपला धर्म पाळून ताट साफ करत होते, ही आपला धर्म पाळून भरत होती. मी बाजूला बसून तूप वाढत होतो. प्रत्येक वेळी ते दातांतून स्स्स असा श्वास आत ओढायचे आणि अगदी नम्रपणे म्हणायचे, "थोडं अवघड आहे." मी विजयाला म्हणायचो, "लाजतायत गं, वाढ तू." पहिल्या 'नको'ला आपल्याकडे कोण किंमत देतं? पहिला नको रीतीचा, दुसरा संकोचाचा, तिसऱ्यानंतर आपण अर्धी मोडून वाढतो.

दुसऱ्या दिवशी निशिमुरा कामावर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते पट्टा एक भोक सैल करून. "किती आवडल्या बघ!" असं मी घरी येऊन मोठ्या अभिमानानं सांगितलं. धन्य तो तज्ज्ञ.

चाचणीचा दिवस उजाडला. खाण खाली दरीत, आणि मोठ्या रेल्वेचा फाटा वर डोंगराच्या खांद्यावर. मधला चढ वळणावळणाचा. खाणीचा मुख्य होता अर्ल. गालात तंबाखू, कपाळावर आठी, बोलणं कमी. ठरलं होतं की चुनखडीनं भरलेल्या दहा वाघिणी वर न्यायच्या. हे गणित निशिमुरांनी आणि मी मिळून केलं होतं. मिळून म्हणजे त्यांनी केलं, मी मान हलवली.

लोको चालवायला स्वतः निशिमुरा. मागे अर्ल, हॅरल्ड आणि मी. आणि काय सांगू मंडळी, काय चढली ती गाडी! अमेरिकन इंजिनाचा आवाज खोल, घशातला. या दोन इंजिनांचा आवाज बारीक, चढा, एका सुरात. ओल्या वळणावरसुद्धा चाक घसरलं नाही. निशिमुरांचं बोट काट्यांवरून फिरत होतं आणि योशी, योशी चाललं होतं. वर पोचलो तेव्हा तेलाचा काटा लाल खुणेच्या बराच खाली होता. हॅरल्डनं माझ्या पाठीत असा गुद्दा मारला की चष्मा पडता पडता वाचला.

अर्ल खाली उतरला, लोकोभोवती एक चक्कर मारली, तंबाखू थुंकला आणि म्हणाला, "एवढ्याशा चिमुरडीच्या मानानं वाईट नाही."

बस्स. इथं गप्प बसायचं होतं. त्या माणसानं हात पुढे केला असता, आम्ही तो धरला असता, आणि आज प्राजक्ताला खरोखरच इन्स्पायरिंग लेख मिळाला असता. पण चिमुरडी हा शब्द मला झोंबला. आपल्या घरच्या स्वयंपाकाला कुणी 'वाईट नाही' म्हटलं की आपण काय करतो? आणखी वाढतो. मी छाती पुढे काढून म्हणालो, "दहा काय घेऊन बसलात! आणखी दोन लावा. सहज नेईल."

कुणी विचारलं नव्हतं हो! कुणीही विचारलं नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

अर्लच्या भुवया वर गेल्या. हॅरल्डनं माझ्याकडे बघितलं. त्याच्या लेखी मी हायड्रॉलिकचा तज्ज्ञ. मग सगळ्यांनी निशिमुरांकडे बघितलं. त्यांनी दातांतून स्स्स असा श्वास ओढला आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "देओदारु-सान, थोडं अवघड आहे."

मी हसलो. अगदी ओळखीचं हसलो. अर्लला म्हणालो, "यांचा स्वभावच असा आहे, संकोची. लावा तुम्ही."

पाहुण्यांदेखत यजमानाला खोटं पाडायचं नाही, हा निशिमुरांचा शिष्टाचार. त्यांनी हातमोजे काढले, झटकले, परत घातले.

आम्ही खाली गेलो. बारा वाघिणी लागल्या. गाडी निघाली तेव्हा सुरुवातीला काही कळलंच नाही. सपाटीवर ऐटीत चालली. मग चढ आला आणि आवाज बदलला. सूर तोच, पण जोर लावल्यागत. वेग पडायला लागला. निशिमुरांचं बोट तेलाच्या काट्यावर. "योशी." पुढचं वळण. "योशी," जरा हळू. त्याच्या पुढचं वळण, आणि बोट तसंच काट्यावर, पण तोंडातून शब्द नाही. काटा लाल खुणेवर होता. ठीक नसलेल्याला ठीक म्हणणं त्या माणसाच्या जिभेला जमलं नाही.

मी मनातल्या मनात मिरजेच्या गणपतीला साकडं घातलं. त्या गणपतीला हायड्रॉलिकमधलं माझ्याइतकंच कळत असावं. मागच्या इंजिनानं ताकद सोडली. एकटं पुढचं काही वेळ ओढत राहिलं, मग त्याचंही तेल तापलं. गाडी थांबली. निशिमुरांनी ब्रेक लावले, आणि एकदम इतकी शांतता झाली की बाहेरच्या पाखरांचा आवाज ऐकू यायला लागला.

थांबली तीही कुठं? शेपूट बरोब्बर खालच्या रस्त्याच्या फाटकावर. त्या भागात आमिश लोक राहतात, मोटार न वापरणारे, घोडागाडीवाले. काळी टोपी घातलेला एक दाढीवाला आमिश शेतकरी फाटकाशी बग्गी थांबवून उभा होता. मी खाली उतरून मागे गेलो आणि माफी मागितली. त्यानं गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, "घोडा देऊ का?"

चेष्टा नव्हती, हे सर्वांत वाईट. खरोखर मदत म्हणून विचारत होता तो.

शेवटी खाणीचा जुना अमेरिकन लोको आला, ज्याला निवृत्त करायला आम्ही आलो होतो तोच. त्यानं मागून ढकलत आमची वरात वर नेली. त्याचा ड्रायव्हर खिडकीतून सगळ्या रस्त्याला हात हलवत होता. निशिमुरांनी तेल निवल्यावर विनंती केली, की ठरलेल्या दहा वाघिणी पुन्हा नेऊन दाखवतो. अर्लनं नकारार्थी मान हलवली. म्हणाला, "मित्रा, दहा नेल्या तेव्हाच मी हात पुढे करणार होतो. पण आता माझ्या सगळ्या माणसांनी तिला अडकलेली बघितलंय. उद्या काहीही झालं तरी ते याच दिवसाचा विषय काढतील." माझ्याकडे वळून तो एवढंच म्हणाला, "तुला कुणी सांगितलं होतं, डेव्ह?"



तो एक लोको अर्लनं घेतला, खाणीच्या सपाट यार्डात वाघिणी इकडेतिकडे करायला. बाकीच्या चारांची ऑर्डर गेली. हॅरल्ड मला एक वाकडा शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. हिवाळ्याच्या तोंडाला वर्कशॉप बंद झालं. त्या दिवशी पोरांनी रिकाम्या शेडकडे बोट दाखवलं, पण योशी कुणी म्हणालं नाही. मला पुढे पंपांच्या एका कारखान्यात नोकरी मिळाली. पंप चढ चढत नाहीत, त्यामुळे तिथं माझं बरं चाललं.

निशिमुरा मात्र चाचणीनंतर आठवड्यातच परत निघाले. निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांना जेवायला बोलावलं. विजया म्हणाली, "अहो, कुठल्या तोंडानं बोलावताय त्यांना?" मी म्हटलं, आहे त्याच. दुसरं कुठून आणू?

त्यांनी वाकून नमस्कार केला, बूट दाराशी नीट जुळवून ठेवले आणि बसले. विजयानं पुन्हा पुरणपोळ्याच केल्या होत्या. शेवटची डाळ होती ती. मला राहवलं नाही. मी विचारलं, "निशिमुरा-सान, तुम्ही मला 'नाही' का म्हणाला नाहीत?"

त्यांनी समोरचं ताट सरळ केलं. मग म्हणाले, "मी म्हणालो होतो."

"कधी?"

"थोडं अवघड आहे, असं म्हणालो ना. आमच्याकडे याहून मोठ्यानं 'नाही' म्हणत नाहीत."

स्वयंपाकघराच्या दारात विजया उभी होती. तिचा हात तोंडाशी गेला. "अगं बाई! म्हणजे त्या रविवारी पण?" निशिमुरांनी नम्रपणे मान खाली घातली. मला हसावं की रडावं कळेना, आणि खरं सांगतो, रडूच आलं. त्या माणसानं आयुष्यभर सांभाळलेल्या चार लोकोंना मी आग्रह करकरून भंगारात घातलं होतं. मी त्यांना तसं म्हणालोसुद्धा. त्यावर ते म्हणाले, "ते म्हातारे झाले होते, देओदारु-सान. मीही झालोय. पण त्या दिवशी दहा घेऊन ती किती छान चढली, ते तुम्ही बघितलंत ना?" मी म्हटलं, बघितलं. "मग झालं," ते म्हणाले.

विजयानं त्यांना दोन पोळ्या वाढल्या, तूप घातलं, डब्याला झाकण लावलं आणि चक्क खाली बसली. आमच्या लग्नाला तेव्हा बरीच वर्षं झाली होती, पण पाहुणा जेवत असताना ती बसलेली मी प्रथमच बघत होतो. निशिमुरांनी दोन्ही पोळ्या सावकाश संपवल्या. ताट साफ झालं. कुणी उठलं नाही. मी तुपाच्या भांड्याकडे बघतसुद्धा नव्हतो. माझा हात शिवशिवत होता, तो मी मांडीखाली दाबून धरला.

निशिमुरांनी रिकाम्या ताटाकडे बघितलं, मग विजयाकडे, मग माझ्याकडे. आणि मग हात लांब करून, बोट ताठ करून, लोकोतल्या काट्याकडे दाखवायचे तसं पोळ्यांच्या डब्याकडे दाखवलं.

"टू मोअर," ते मोठ्यानं म्हणाले. "योशी!"

विजयानं आधी माझ्याकडे बघितलं. मग आयुष्यात पहिल्यांदाच तिनं पाहुण्याला विचारलं, "नक्की ना?"

"नक्की," निशिमुरा म्हणाले.

त्या दोन मात्र वरपर्यंत गेल्या.